फूल आणा, मग नाव सांगतो

ज्या वस्तूचं नाव आपल्याला खात्रीने ठाऊक नाही तिच्याबद्दल एक अक्षर बोलू नये, असं मानणारा माणूस शेजारी लाभायला मागच्या जन्मीचं काहीतरी पाप पदरी असावं लागतं. माझ्या पदरी ते भरपूर असावं, कारण मला तो शेजारी चांगली नऊ वर्षं लाभला. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा खाडीवरचा पूल होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण पुलावरून इकडे येणाऱ्यांची अजून झुंबड उडालेली नव्हती. बैठ्या घरांच्या आमच्या रांगेत दहा घरं, त्यांतल्या आठांना कुलपं. नवव्यात आम्ही आणि दहाव्यात ते. दुसरा शेजारच नसल्यामुळे आम्ही घरात त्यांना नुसतं ‘शेजारी’ म्हणायला लागलो, आणि पुढे रांग भरली, समोर चार मजली इमारती उठल्या, सोसायट्या आणि त्यांची भांडणं सुरू झाली, तरी आमच्या घरात ‘शेजारी’ म्हणजे तेच राहिले. तोंडावर मी त्यांना भाऊ म्हणे, आणि मी शाळेत शिकवत असल्यामुळे ते मला बाई म्हणत. शहर वसवणाऱ्या ऑफिसात ते मोजणीदार होते. आज जिथे रस्ता आहे तिथे कधीकाळी कुणीतरी गुडघाभर चिखलात साखळी धरून उभं राहिलेलं असणार ना, ते हे.

पहिल्याच आठवड्यात मी शेजारधर्म म्हणून वाटीभर आमटी दिली. वाटी हातात घेऊन ते उंबऱ्यातच थांबले. ‘‘कशाची?’’ ‘‘तुरीची.’’ ‘‘खात्रीने?’’ मी म्हटलं, ‘‘वाण्याने तूर म्हणून दिली.’’ ‘‘म्हणजे वाण्याच्या सांगण्यावरून तूर,’’ असं म्हणून त्यांनी वाटी आत नेली. पुढे मला कळलं की ही त्यांची भलाई होती. दुसऱ्या कुणाला त्यांनी वाण्याकडे परत पाठवलं असतं. संध्याकाळी खाडीकडून डासांचा लोंढा येई तेव्हा आम्ही सगळे अंगावर चापट्या मारत बसलेले असू, आणि हे मात्र काचेचा पेला उपडा धरून एक डास पकडत, त्याला कंदिलाजवळ नेऊन त्याचे पाय तपासत, आणि मग मारत. मारायचा तो कोण होता हे ठाऊक असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. माणसांचीही तीच गत. नवीन माणूस आला की त्याला दोन-तीन भेटींपर्यंत ते ‘आपण’ एवढंच म्हणत. आडनाव उच्चारायचं धाडस तिसऱ्या भेटीनंतर. त्यांच्या मंडळींना, म्हणजे वहिनींना, मी एकदा म्हटलं, ‘‘कसं हो राहता तुम्ही?’’ तर वहिनी तांदूळ निवडत शांतपणे म्हणाल्या, ‘‘लग्नाला एकवीस वर्षं झाली. मला अजून एकदाही नावाने हाक मारलेली नाही. खात्री व्हायची असेल.’’

वनस्पतींचा नाद त्यांना कसा लागला ते कुणालाच सांगता यायचं नाही. घराण्यात कुणी वैद्य नव्हता, ते स्वतः मॅट्रिक. पण मोजणीला जाणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य झुडपं बाजूला सारण्यात जातं. ज्यांना रोज बाजूला सारतो त्यांची नावं तरी माहीत असावीत, असं बहुधा त्यांना वाटलं असेल. डोंगरावरून येताना ते काहीबाही खुडून आणत आणि जुन्या नकाशांच्या निळ्या कागदांत घालून गादीखाली दाबून ठेवत. एका गादीखाली किती मावणार? मग दिवाणाची गादी, मग वहिनींची गादी, आणि शेवटी वहिनी चटईवर. या गादीखालच्या रानामुळे त्यांच्या घरी जाड पाहुण्यांचं भारी अगत्य होई. माझे एक दीर अंगाने चांगले भरलेले. ते आले की शेजारी हटकून बोलावणं पाठवत, त्यांना दिवाणाच्या बरोबर डाव्या कोपऱ्यात बसवत, चहावर चहा पाजत, आणि उठायला लागले की गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, ‘‘अजून दहा मिनिटं बसा. नेचा आहे खाली, फार आडमुठा आहे.’’ किडकिडीत पाहुण्याला मात्र अर्ध्या कपावर वाटेला लावत. हा सन्मान नेच्याचा आहे हे दिरांना कधीच कळलं नाही. वाशीला आपल्याला फार मानतात, असं ते सगळीकडे सांगत.

हे असं हसतखेळत चाललं होतं. एकदा श्रावणात, शनिवारी दुपारी, शेजारी निथळत आले आणि स्वतःच्या घरी न जाता माझ्या पायरीवर बसले. मी टॉवेल दिला तो हातात तसाच राहिला. म्हणाले, ‘‘बाई, मी खोटं लिहून आलो.’’ मला वाटलं, ऑफिसात काही भानगड झाली. भानगड होती ती अशी. शिरवणे गावाच्या मागे डोंगराची एक सोंड होती आणि तिच्या घळीत ऐन-किंजळाची दाट झाडी होती. मार्चमध्ये त्यांनी ती मोजली होती. मोजणीच्या तक्त्यात एक रकाना असतो, जमिनीवरचा झाडझाडोरा लिहायचा. मोठी झाडं त्यांनी मोजून लिहिली, आणि झाडांखालच्या लहान वनस्पतींपुढे लिहिलं, ‘निरंक’. मार्चमध्ये तिथे वाळक्या पाचोळ्याशिवाय काही नव्हतंच. आता श्रावणात ते एक राहून गेलेली खूण बघायला गेले, तर त्या झाडीखाली जिकडेतिकडे पानं. प्रत्येक रोपाला एकच पान. जमिनीतून एक देठ, त्यावर हृदयाच्या आकाराचं, चुण्या पडलेलं एक हिरवं पान, की खेळ खलास. असं शेकड्यांनी. ‘‘मी निरंक लिहिलं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि हे सगळे माझ्या पायाखाली झोपलेले होते.’’

सोमवारी ते ऑफिसात गेले आणि साहेबांना म्हणाले, माझी नोंद दुरुस्त करायची आहे. साहेब भला माणूस होता. त्याने तक्ता काढला, पेन उघडलं, विचारलं, ‘‘सांगा, काय होतं तिथे?’’ शेजारी म्हणाले, ‘‘नाव ठाऊक नाही.’’ साहेबाने पेन मिटलं. ‘‘अहो, नाव नाही तर लिहू काय? एकपानी काहीतरी? नाव आणा, लगेच दुरुस्त करू.’’ इतक्या वर्षांत शेजाऱ्यांना पहिल्यांदाच त्यांच्यासारखा माणूस भेटला होता, त्यामुळे त्यांना भांडताही येईना. मग एका रविवारी ते जेवणाच्या डब्यात ओलं फडकं घालून, त्यात ते पान निजवून, मुंबईच्या एका कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांच्या घरी गेले. प्राध्यापकांनी पान उलटंसुलटं केलं आणि डब्यात परत ठेवलं. ‘‘पानावरून नाव सांगायला मी काय कुडमुड्या जोशी आहे? फूल आणा, मग नाव सांगतो.’’ डोंगराखाली राहणाऱ्यांना विचारावं म्हणून त्यांनी आमच्याकडे दारावर येणाऱ्या शिरवण्याच्या भाजीवालीला गाठलं. ती पन्नाशीची, काटक, नाकात मोठी नथनी, डोक्यावर टाकळ्याची नाही तर शेवळांची पाटी. ती पान बघून म्हणाली, ‘‘त्याला काय नाव नाय. गुरां खात नाय, आमी खात नाय. ज्याला कोनी खात नाय त्याला नाव कशाला द्याचां?’’

घाई होती, आणि घाईचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो डोंगर फोडायचा होता. त्याच्या मुरमाने आणि दगडाने खालची खाजणं, म्हणजे खाडीकाठची दलदल, भरून त्यावर घरं बांधायची, असं ठरलेलं होतं आणि त्या ठरण्यात शेजाऱ्यांनी केलेल्या मोजणीचा हातभार होता. माझे यजमान औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात शिफ्टला जात. ते एकदा वैतागून म्हणाले, ‘‘अहो भाऊ, पानाचं नाव कळलं म्हणून सुरुंग थांबणार आहेत का? उगाच कशाला टेन्शन घेता?’’ शेजारी म्हणाले, ‘‘थांबणार नाहीत. पण जाताना कागदावर तरी बरोबर जाऊ दे.’’

तेव्हा फूल हवं होतं, आणि फूल बघायला रोज डोंगरावर जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते झाड त्यांनी घरी वाढवायला घेतलं. मागच्या दारी चार कुंड्या मांडल्या. कंद अगदी रिठ्याएवढे, पांढरे. पहिल्या कुंडीला शेणखत दिलं, कंद कुजले. दुसरीला करावे गावातून सुक्या मासळीचा कुटा आणून घातला. तो वास इतका दांडगा होता की रांगेत नव्याने राहायला आलेलं एक कुटुंब, आपल्या घरात काहीतरी मेलंय म्हणून दोन दिवस कपाटं सरकवत होतं, आणि त्या कुटुंबाची मांजर मात्र शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेली ती कंद उकरूनच परतली. तिसरीला ऊन लागलं. मग त्यांना अक्कल सुचली, त्यांचाच शब्द, की रानातल्याला रानातलीच माती लागणार. ते रोज जेवणाच्या डब्यातून झाडांखालची कुजलेल्या पाल्याची काळी माती आणू लागले. वहिनी रोज संध्याकाळी तो डबा चिंचेने घासत आणि रोज सकाळी त्यातच पोळ्या भरून देत. पोळीला पालापाचोळ्याचा वास येतो अशी तक्रार शेजाऱ्यांनी एकदाच केली. वहिनी म्हणाल्या, ‘‘कुठल्या झाडाचा, ते खात्रीने सांगा.’’ चौथी कुंडी त्या मातीने भरली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिच्यात एक पान उभं राहिलं. त्या दिवशी आमच्या रांगेत पेढे वाटले गेले.

आता माझा भाग येतो, आणि तो सांगायला मला आवडत नाही. मोजणीची कामं पाऊस लागायच्या आत उरकावी लागत. म्हणून दर वर्षी वैशाखाच्या मध्यापासून मृगाचे पाच-सहा दिवस उलटेपर्यंत शेजाऱ्यांचा मुक्काम उरणच्या अंगाला, मिठागरांच्या कडेला तंबूत असे. वहिनी त्या दिवसांत माहेरी सासवडला जात. मला मेची सुटी, तेव्हा कुंडीची जबाबदारी माझ्यावर. ती देताना त्यांनी फुलस्केप कागदावर अकरा कलमं लिहून दिली. पाणी ओतायचं नाही, ओंजळीने शिंपडायचं. कुंडी फिरवायची नाही. जवळ विडी-सिगरेट नको, हे कलम माझ्या यजमानांना उद्देशून. आणि सातवं कलम मला आजही तोंडपाठ आहे: ‘सदर कुंडीत सदर पानाव्यतिरिक्त अन्य काहीही उगवल्यास ते तण समजावे व कंदास धक्का न लावता वरच्यावर खुडून टाकावे.’ मी शिक्षिका. कागदावर लिहिलेलं पाळायचं हेच मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. मेच्या अखेरीला वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर कुंडीत एक नागडी, तपकिरी काडी वर आली. पान नाही, काही नाही. टोकाला दोन-तीन फिकट, हिरवट-पिवळट काहीतरी मान खाली घालून लोंबत होतं. दिसायला काही शोभेचं नव्हतं. मी सातवं कलम आठवलं आणि ते वरच्यावर खुडून टाकलं. पुढच्या वर्षी पुन्हा आलं, पुन्हा खुडलं. तिसऱ्या वर्षी तर मला त्या तणाचा रागच आला होता. काय चिवट जात आहे, म्हणून मी यजमानांना बोलावून दाखवलं आणि त्यांच्यादेखत खुडलं.

दर वर्षी मृगात शेजारी काळेठिक्कर होऊन परत येत, पायांवर मिठाने भेगा पडलेल्या असत, आणि पहिलं काम म्हणजे कुंडी बघणं. कुंडी लख्ख. ‘‘वा बाई,’’ ते म्हणत, ‘‘काडीसुद्धा नाही.’’ आठवड्याने पान वर येई, आणि मग सुरू होई ते फुलाची वाट बघणं. आषाढ, श्रावण, भाद्रपद. ते कुंडीजवळ रेडिओ लावू देत नसत. एका वर्षी त्यांनी कुंडीवर गोणपाटाचा मांडव घातला, पुढच्या वर्षी काढला. दोनदा प्राध्यापकांना पत्र लिहिलं. दोनदा एकाच वाक्याचं उत्तर आलं. दसऱ्याच्या सुमाराला पान पिवळं पडे, मग वाळे, आणि ज्या दिवशी ते गळून पडे त्या दिवशी शेजारी जेवत नसत. वहिनी दार लोटून घेत. आपल्या घरात सुतक आल्यासारखं आम्ही हळू बोलत असू. आणि रोज दुपारी एकला डोंगरावर सुरुंग उडे. आमच्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या खणखणत. शेजारी घरी असले तर हातातलं काम थांबवून विचारत, ‘‘कुठल्या बाजूला झाला?’’ जणू मला कळणार होतं. पहिल्या दोन वर्षांत सोंडेचं टोक गेलं. तिसऱ्या वर्षी घळीच्या तोंडाशी ट्रक उभे राहू लागले.

चौथ्या वर्षीची सकाळ मला लख्ख आठवते. मी मागच्या दारी वाकून ती काडी खुडली आणि सरळ उभी राहिले, तर कुंपणाशी शिरवण्याची भाजीवाली पाटी टेकवून माझ्याकडे बघत होती. ‘‘अगो बाई, फुलां कशाला खुडतंस?’’

‘‘फूल कुठलं? तण आहे हे,’’ मी म्हटलं.

‘‘तन कसलां? त्या एका पानाचांच फूल हाय ता. आदी फूल येतां, ता मरतां, मंग पान येतां. दोघांची कदी गाठ पडत नाय.’’

‘‘मग तू भाऊंना का नाही सांगितलंस?’’ मी जवळजवळ ओरडलेच.

ती शांतपणे पाटी उचलत म्हणाली, ‘‘त्यांनी नाव इचारलां. फूल कवा येतां, ता कोनी इचारलां मना?’’

ती गेली आणि मी हातात ती काडी घेऊन उभी राहिले. तीन फुलं होती. जवळून बघितल्यावर कळलं की पाकळीच्या आत पांढरं आहे आणि त्यावर बारीक जांभळट रेघा आहेत. चार वर्षं मी ते पाहिलं नव्हतं, नुसतं खुडलं होतं. मी पेल्यात पाणी घालून ती काडी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती मलूल झाली. वाटलं, ते आल्या आल्या सांगून टाकू. पण त्या वर्षी ते हिवतापाने फणफणून आले. तापातल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून थांबले. ताप उतरला तोवर पान वर आलं, आणि त्या पानाकडे बघतानाचा त्यांचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. मग मी स्वतःची समजूत घातली की आता बोलून काय होणार, पुढच्या वर्षी फूलच दाखवू. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ज्या माणसाने चार वर्षं ‘वा बाई’ म्हटलं त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकायची माझी तयारी नव्हती. ते एक वर्ष मी दाबून ठेवलं, आणि त्याच वर्षात घळ गेली.

पाचव्या वर्षी काडी वर आली त्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरला गाठलं आणि निरोप दिला, कुंडीत काहीतरी आलंय, असाल तसे या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पायांत चिखलाचे बूट तसेच. कुंडीपाशी आले आणि एकदम मांडी घालून खाली बसले. मग खिशातून फूटपट्टी काढली, आणि ती माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही मोजा.’’ मी मोजलं. देठ साडेसहा इंच, फुलं दोन. ‘‘पान नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आधी हे येतं. म्हणजे दर वर्षी मी नसताना...’’ आणि थांबले. पण त्यांनी वाक्य वेगळ्याच दिशेने पुरं केलं. ‘‘आजवर फूल येण्याइतका कंद जून झाला नसणार. यंदा झाला. माती मानवली त्याला.’’ मी होय म्हटलं.

फूल खुडायला त्यांचं मन होईना. अख्खी कुंडी मांडीवर घेऊन ते मुंबईच्या बसमध्ये बसले. मी सोबत गेले. एकटे जाऊ देण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. कंडक्टर म्हणाला, ‘‘ओ काका, कुंडीचं लगेज पडेल. काय झाड आहे?’’ आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी एका अनोळखी माणसाकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘‘दोन तासांनी सांगतो.’’ प्राध्यापकांनी भिंग लावलं, दोन जाडजूड पुस्तकं उघडली, आणि जमिनीत उगवणाऱ्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, ती एक जात असल्याचं सांगून एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. नर्व्हिलिया, आणि पुढे आणखी एक शब्द. येताना बसमध्ये कंडक्टर वेगळा होता. शेजाऱ्यांनी त्याला न विचारताच नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरं. पुढे सरका.’’

चिठ्ठी घेऊन ते दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेले. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जुने साहेब बदलून गेले होते, नवा तरुण होता, तोही भलाच होता. त्याने शोधाशोध केली आणि सांगितलं की तो तक्ता आता बंद झाला. ती जमीन सपाट होऊन तिची नव्याने मोजणी झाली, नवे नंबर पडले. नव्या तक्त्यात झाडझाडोऱ्याचा रकाना होता, पण तिथे आता झाडझाडोरा नव्हता. दुपारी सुरुंगाच्या वेळेला शेजारी परत आले. त्या दिवशी सुरुंग झाला नाही, तिकडचं काम संपलं होतं. पायरीवर बसून त्यांनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. ‘‘माझी नोंद बरोबर आहे म्हणाले, बाई. निरंक. आता दुरुस्त करण्यासारखं काही नाही.’’ मग जरा वेळाने, जाताना म्हणाले, ‘‘पण फूल दिसलं. ते तुमच्यामुळे. पाच वर्षं इतकं तण काढलंत, दुसरं कोण करणार?’’ तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही मी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी मी डोळे उघडे ठेवले असते तर नाव चार वर्षं आधी मिळालं असतं, आणि घळ जाण्यापूर्वी ते तक्त्यावर लिहिलं गेलं असतं. डोंगर वाचला नसता, हे मलाही कळतं. पण त्यांना हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते माझ्या हाताने गेलं.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि वहिनींच्या माहेराजवळ सासवडला राहायला गेले. टेम्पोत सामान चढलं, गाद्यांखालचे निळे कागद तीन ट्रंकांत भरले, आणि कुंडी त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली. तिकडची हवा कोरडी, तिला मानवणार नाही, आणि तुमच्याइतकी स्वच्छ ती कुणी ठेवणार नाही, असं म्हणाले. पहिल्या वर्षी फूल आलं. दुसऱ्या वर्षी आलं नाही. पावसाळा लागला तरी पानही वर आलं नाही. मी जूनभर, जुलैभर ओंजळीने पाणी शिंपडत राहिले, आणि शेवटी बोटाने माती उकरून पाहिली तर आत काही नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. ‘फूल आले का? आल्यास देठ किती इंच, कळवावे.’

मी लिहिलं, आलं. देठ सात इंच, फुलं दोन. त्यानंतर दर वर्षी कार्ड येई आणि दर वर्षी मी उत्तर लिही. कधी साडेसहा, कधी सात; सारखाच आकडा लिहिला तर त्यांना संशय येईल म्हणून जरा इकडेतिकडे. खोटं बोलायची मला सवय नाही, पहिल्या वर्षी हात अडखळला. नंतर अडखळेनासा झाला. ही कार्डं लिहिली त्या सगळ्या वर्षांत मी रिकाम्या कुंडीतलं तणही काढत असे, ते का, हे मला सांगता येणार नाही.

यंदा कार्ड त्यांचं नव्हतं, वहिनींचं होतं. शेजारी माघात गेले. त्रास फार झाला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही कळवलेला देठ ते दर वर्षी वहीत उतरवून ठेवत. यंदाची ओळ मोकळी आहे. फूल आले असेल तर किती इंच तेवढे कळवा, मी लिहून ठेवते.’ कार्ड हातात घेऊन मी मागच्या दारी बराच वेळ बसले. रडले, हे सांगायला हरकत नाही. मग आत येऊन पेन शोधलं आणि उत्तर लिहिलं. आठ इंच लिहिला. इतका मोठा देठ मी त्यांना कधी कळवला नव्हता.